पद्मिनीचा ब्रेक : पेडलचा स्पर्श आणि थांबण्याची ताकद

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून प्रथम फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि अखेरीस प्रीमियर पद्मिनी अशा नावांनी बाहेर पडलेल्या गाडीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशके काढली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती काळी-पिवळी सेवेतून निवृत्त झाली, तरी घरगुती वापरातल्या आणि हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही महाराष्ट्रभर रस्त्यावर दिसतात. आजच्या वाहतुकीत त्या चालवणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती ब्रेकची. मूळ रचनेत या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असून पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नाही, त्यामुळे आधुनिक गाडीची सवय झालेल्या पायाला तिचे पेडल परके वाटते. गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारी साधारण दोन प्रकारच्या असतात. ‘पेडल खाली जाते’ किंवा ‘स्पंजी लागते’ ही एक. ‘पेडल चांगले कडक आहे, पण गाडी थांबत नाही’ ही दुसरी. या दोन तक्रारींची कारणे निराळी असतात, त्यांचे उपाय पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि दोन्ही एकच समजून केलेल्या कामातून जुन्या गाड्यांचे जितके नुकसान झाले आहे तितके वयामुळेही झालेले नाही, असे या कामात हात मुरलेल्या माणसांचा अनुभव सांगतो.

या दोहोंतला फरक कळण्यासाठी थोडे गणित मांडावे लागते. ब्रेक पेडल ही तरफ आहे. पायाने दिलेला जोर ती साधारण पाचपट करून मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर देते. मास्टर सिलिंडर म्हणजे ज्याच्यातला पिस्टन पुढे सरकून ब्रेक ऑइलवर दाब आणतो ते मुख्य नळकांडे. द्रवावर दिलेला दाब बंद नळ्यांतून सगळीकडे सारखाच पोचतो, या पास्कलच्या नियमानुसार तो दाब चारही चाकांतल्या व्हील सिलिंडरांपर्यंत जातो आणि तिथले छोटे पिस्टन ब्रेक शू ड्रमवर दाबतात. पायाने २०० न्यूटन, म्हणजे सुमारे वीस किलोचा जोर दिला, तर दांड्यावर १,००० न्यूटन येतात. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८५ चौरस मिलिमीटर होते आणि ऑइलमध्ये सुमारे ३५ बार दाब तयार होतो. त्याच्या जागी ‘मोठा आणि दमदार’ म्हणून पाऊण इंचाऐवजी सात-अष्टमांश इंचाचा सिलिंडर बसवला तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते, पण तेवढ्याच पायाच्या जोरात दाब मात्र सुमारे २६ बारपर्यंत उतरतो. पेडल कमी अंतरात कडक होते, हाताखालच्या पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळे खूश होतात आणि गाडी पूर्वीपेक्षा कमी थांबते. मोठा मास्टर सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक, हा गॅरेजांतला सर्वांत चिवट गैरसमज आहे आणि तो धोक्याचा आहे, कारण पायाला मिळणारी ग्वाही खोटी असते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. लहान मास्टर सिलिंडर जास्त दाब देतो, परंतु चाकांतले पिस्टन तेवढेच सरकवण्यासाठी त्याला अधिक लांब जावे लागते, म्हणून पेडल खोल उतरते. पेडलचा स्पर्श आणि थांबण्याची ताकद यांचा सौदा हा असा असतो, आणि मूळ अभियंत्यांनी तो पाहूनच मापे ठरवलेली असतात. म्हणून पेडल खाली जाते या तक्रारीवर पहिला प्रश्न विचारायचा तो सिलिंडरच्या आकाराचा नव्हे, तर चाकातला शू ड्रमपासून किती लांब बसला आहे याचा. चार चाकांत आठ शू, त्यांना ढकलणारे आठ पिस्टन. पिस्टनचा व्यास उदाहरणादाखल २२ मिलिमीटर धरला आणि शूवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनिंग, झिजल्यामुळे प्रत्येक पिस्टनला केवळ अर्धा मिलिमीटर जास्त सरकावे लागले, तर त्यासाठी लागणारे जादा ऑइल पुरवायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन पाच मिलिमीटरहून थोडा अधिक आणि पायाखालचे पेडल सुमारे २७ मिलिमीटर जास्त खाली जाते. नजरेला जवळजवळ न दिसणारी फट पायाला इंचभर जाणवते ती अशी. आपोआप फट भरून काढणारी यंत्रणा नसलेल्या ड्रम ब्रेकमध्ये ठरावीक काळाने चाक उचलून, चाक हाताने फिरवत ॲडजस्टर पान्याने घट्ट करत न्यायचा, ड्रम अडला की तो मोकळा फिरेपर्यंतच मागे घ्यायचा आणि हे प्रत्येक शूसाठी वेगळे करायचे, एवढ्यानेच पुष्कळ गाड्यांचे पेडल जागेवर येते. या कामाला नवा सुटा भाग लागत नाही, म्हणून त्याचे बिल होत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते टाळले जाते. हँडब्रेकची केबल आधी सैल करून मगच मागचे शू जुळवायचे असतात. ताणलेली केबल शूला आधीच ढकलून ठेवत असेल तर सगळी जुळवणी फसवी ठरते.

पेडलचा स्पंजीपणा मात्र वेगळा. फट जास्त असताना पेडल आधी मोकळे खाली जाते आणि मग कडक लागते. स्पंजी पेडल पाऊल टेकताच विरोध करू लागते, पण तो विरोध मऊ असतो आणि जोर वाढवला की पेडल अजून खचते. याचा अर्थ नळ्यांच्या जाळ्यात कुठेतरी दाबाने आकार बदलणारी वस्तू आहे. ती हवा असेल, किंवा फुगणारा रबरी होज पाइप असेल, किंवा ड्रमच्या गोलाईशी न जुळणारा, दाब पडल्यावर वाकणारा शू असेल. तिघांपैकी कोण, हे शोधण्याची एक साधी रीत आहे. पद्मिनीला तीन होज असतात, पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलसाठी एक. गोल जबड्यांच्या चिमट्याने तिन्ही होज क्षणभर दाबून बंद करायचे आणि पेडल दाबून पाहायचे. आता ते दगडावर पाय ठेवल्यासारखे लागले तर मास्टर सिलिंडर आणि लोखंडी नळ्या निर्दोष आहेत. मग एकेक चिमटा सोडत जायचे आणि ज्या होजचा चिमटा सोडताच पेडल खचते तिथेच दोष आहे असे समजायचे. तिन्ही होज बंद असतानाही पेडल हळूहळू खाली सरकत राहिले आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर ऑइल मागे सोडत आहे. या तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि ती न करता एअर काढण्याचे काम पुन्हा पुन्हा करण्यात अर्धा दिवस जातो.

होजबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून धडधाकट दिसणारा तीस वर्षांचा होज दोन प्रकारे बिघडतो. एक म्हणजे त्याच्या धाग्यांची पकड सैल होऊन तो दाबाखाली फुगतो आणि पायाचा जोर शूपर्यंत न जाता रबर ताणण्यात खर्च होतो. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. होजचे आतले अस्तर सुजून किंवा सुटून झडपेसारखे वागू लागते. जोराने दाबलेले ऑइल चाकाकडे जाते, पण पाय उचलल्यावर परत येत नाही. ते चाक धरून राहते, ड्रम तापतो, गाडी त्या बाजूला ओढते, आणि दोष नसलेले व्हील सिलिंडर विनाकारण बदलले जातात. जुनी गाडी हाती आली की तिन्ही होज वयावरूनच बदलावेत, तपासणीची वाट पाहू नये. स्टेनलेस स्टीलच्या जाळीत गुंडाळलेले होज मिळाले तर पेडलचा स्पर्श आणखी नेमका होतो. थांबण्याची ताकद मात्र त्यामुळे वाढत नाही, वाढते ती केवळ जाण.

ब्रेक ऑइल हे नावाने ऑइल असले तरी प्रत्यक्षात ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि तो हवेतला ओलावा शोषतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेले ऑइल घाटात तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि सकाळी कडक असलेले पेडल उताराच्या मध्यावर तळाला टेकते. गाडी थंड झाल्यावर दोष नाहीसा होतो, त्यामुळे मेकॅनिकसमोर तो कधी दिसत नाही. शिवाय ऑइलमध्ये मुरलेले पाणी सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडते; नवे रबर किट घातले तरी त्या खड्ड्यांवरून घासून ते थोड्याच दिवसांत फाटते. खड्डे नखाला लागत असतील तर घासून गुळगुळीत करण्याच्या भानगडीत न पडता सिलिंडरच बदलावा. आणि या संपूर्ण जाळ्यात पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. खनिज तेलाने ही रबरे फुगतात आणि एकदा फुगली की मास्टर सिलिंडरचे परतीचे बारीक छिद्र झाकले जाऊन चारही चाके धरतात.

एअर काढण्याचे काम दोघांचे असते. एक जण सीटवर बसून पेडल मारतो, दुसरा चाकामागे आडवा होऊन व्हील सिलिंडरच्या हवा सोडण्याच्या निप्पलवर पारदर्शक नळी चढवतो आणि तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवतो. ‘मार, मार, धर’ या हाकेवर निप्पल अर्धा फेरा सुटतो, बाटलीत बुडबुडे येतात आणि ‘सोड’ म्हणण्याआधी निप्पल पुन्हा बंद झालेला असतो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे उजव्या हाताच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून करायची. इथे जाणते लोक पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरच्या पुढच्या भागापर्यंत पिस्टन जात नाही, त्या भागात गंज आणि गाळ साचतो, आणि एअर काढताना पेडल तळापर्यंत मारले की रबराची धार त्या खरखरीत भागावर घासून कापली जाते. ‘ब्रेकचे काम केल्यावरच मास्टर सिलिंडर गेला’ या गाऱ्हाण्यामागे बहुधा हेच असते. याच वेळी पेडल आणि पिस्टन यांमधली फ्री प्ले, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ, तपासावा. तो मुळीच नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचे छिद्र झाकलेले राहते आणि तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला टाकीत जायला वाट उरत नाही. पेडल वर आणण्यासाठी दांडा लांब करण्याची सवय इथे अंगाशी येते.

आता थांबण्याच्या ताकदीकडे वळता येते, आणि ती प्रामुख्याने ड्रमच्या आत ठरते. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला तोंड असलेला शू ड्रमच्या फिरण्यामुळे स्वतःच आणखी आत खेचला जातो. त्याला लीडिंग शू म्हणतात, तर उलट बाजूच्या, दूर ढकलल्या जाणाऱ्या शूला ट्रेलिंग शू. या स्वतःच ओढून घेण्याच्या गुणामुळेच बूस्टरशिवाय ड्रम ब्रेकची गाडी थांबते. मात्र याच गुणामुळे घर्षणातला किरकोळ फरकही मोठा होऊन दिसतो : एका चाकाच्या लायनिंगला ग्रीसचा हात लागला किंवा व्हील सिलिंडर किंचित पाझरला की गाडी दुसऱ्या बाजूला झटका देते. म्हणून लायनिंग नेहमी ॲक्सलच्या दोन्ही बाजूंची एकाच वेळी, एकाच प्रतीची बदलायची. ऑइलने भिजलेली लायनिंग घासून, जाळून वापरण्याचा प्रघात सर्वथा चुकीचा आहे.

लेथवर मारलेल्या ड्रमची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ड्रम घासून एखादा मिलिमीटर मोठा झाला की त्याच्या आतल्या वर्तुळाची त्रिज्या वाढते, पण नव्या शूची गोलाई मूळ मापाचीच राहते, आणि दोन्ही गोलाया जुळत नाहीत. शू मधल्या पट्ट्यावरच टेकतो; घर्षणाचे क्षेत्र लहान, तापमान जास्त आणि उरलेली टोके दाबाखाली वाकून टेकतात म्हणून पेडल स्पंजी. हे पाहण्यासाठी ड्रमच्या आत शाळेतला खडू चोळायचा, ड्रम चढवून शू हलकेच टेकवायचे, हाताने एक-दोन फेरे द्यायचे आणि ड्रम उतरवून पाहायचे. पांढरी खूण लायनिंगच्या मधोमध दोन बोटांच्या पट्ट्यातच उमटलेली असेल तर तेवढाच शू कामाला येणार आहे. उंच भाग थोडा-थोडा घासून, पुन्हा खडू लावून, खूण लायनिंगच्या बहुतेक लांबीवर पसरेपर्यंत हे करत राहायचे. दोन्ही टोकांना किंचित उतार ठेवला की शू किंचाळत नाही. पूर्वी हे प्रत्येक चांगल्या लायनिंगवाल्याचे नित्याचे काम होते. आज तयार शू डब्यातून काढून थेट चढवले जातात आणि ‘लागतील हळूहळू’ म्हणून गाडी सोडली जाते. या एका कामाने बूस्टर न लावता पद्मिनीच्या ब्रेकमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका कामाने पडत नाही. मात्र जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांत कायमची रुतते, म्हणून ड्रममधला भुसा हवेच्या नळीने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा आणि घासकाम मास्क लावून, ओलसर ठेवून करावे.

ड्रमची खरी मर्यादा घाटात दिसते. माणसांसह ११०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवताना सुमारे १५३ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते आणि तीच गाडी त्यात ५,४०० किलोज्यूल सोडते, म्हणजे पस्तीस वेळा थांबण्याइतकी. इंजिनने यातला मोठा वाटा घेतला नाही आणि वरच्या गिअरमध्ये पेडलवर पाय ठेवूनच घाट उतरला, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरकतो, पेडल खोल जाते, आणि त्याच वेळी तापलेल्या लायनिंगचे घर्षणही घटते. याला ब्रेक फेड होणे म्हणतात. पावसाळ्यात याच्या उलट होते : साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढचे काही ब्रेक लागल्यासारखेच वाटत नाहीत. जुने टॅक्सीचालक पाण्यातून बाहेर पडताच पेडल हलकेच दाबून थोडे अंतर गाडी चालवत, ते ड्रम वाळवण्यासाठी.

हे सर्व यथास्थित झाल्यावरच बूस्टरचा विचार योग्य ठरतो. बूस्टर हा पडद्याने दोन भाग केलेला पत्र्याचा डबा असतो. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधला निर्वात पडद्याच्या एका बाजूला आणि पेडल दाबताच बाहेरची हवा दुसऱ्या बाजूला येते, आणि दोहोंतल्या फरकाने पडदा दांडा ढकलतो. सात इंची पडदा आणि ०.६ बारचा फरक धरला तर सुमारे दीड हजार न्यूटन जोर मिळू शकतो, म्हणजे पायातून येणाऱ्या हजार न्यूटनांहूनही जास्त. पद्मिनीसाठी दोन मार्ग वापरले जातात : पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसणारा थेट बूस्टर, ज्यासाठी पत्र्याची भिंत भक्कम करावी लागते; किंवा नळीच्या मार्गात कुठेही बसवता येणारा दूरस्थ सर्वो. दोन्हींमध्ये मॅनिफोल्डच्या नळीत एकमार्गी झडप हवीच, कारण इंजिन बंद पडल्यावर डब्यात उरलेल्या निर्वातावरच दोन-तीन वेळा ब्रेक मारता येतो. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून गाडी सोडण्याची ज्यांना सवय आहे त्यांच्या गाडीला बूस्टर लावणे म्हणजे अपघाताला निमंत्रण देणे आहे. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटलचा अडसर नसल्याने मॅनिफोल्डमध्ये पुरेसा निर्वात होत नाही. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आणि बूस्टर पायाचा जोर वाढवतो, स्पंजीपणा घालवत नाही. फुगणारे होज तसेच ठेवून लावलेला बूस्टर ते होज अधिक जोराने फुगवतो.

पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा मोह याच्याही पुढचा. डिस्क उघड्या हवेत थंड राहते, पाणी झटकून टाकते आणि तापल्यावर पॅडपासून दूर न जाता पॅडकडेच फुगते, हे तिचे खरे गुण आहेत. परंतु डिस्कमध्ये स्वतःला ओढून घेण्याचा गुण नाही, म्हणून तिला जास्त दाब लागतो, म्हणजेच बूस्टर लागतो. कॅलिपरचे मोठे पिस्टन जास्त ऑइल मागतात, म्हणजे मास्टर सिलिंडर बदलतो. आणि ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळ्यांत थोडा दाब राखून ठेवणारी जी झडप असते ती पुढच्या वाहिनीतून काढली नाही तर पॅड सतत घासत राहतात. पुढे ताकद वाढली तरी मागची जुनीच राहते तोवर धोका कमी. मागच्या चाकांची ताकद वाढवली आणि वजन पुढे झुकताना मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांवर निर्बंध घालते, त्यामुळे असा बदल हाती घेण्याआधी आरटीओत विचारपूस केलेली बरी. या सर्वांपेक्षा आधी करण्याजोगा, आणि डिस्कहून जास्त निकडीचा बदल म्हणजे एकेरी मास्टर सिलिंडर असलेल्या गाडीत दुहेरी, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर बसवणे. एकेरी सिलिंडरवर एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरीत अर्धा उरतो.

अखेर कितीही ताकद आणली तरी गाडी थांबवतो टायर. ताशी ६० वर गुरुत्वाच्या अर्ध्या पटीने वेग कमी झाला तर सुमारे २८ मीटर लागतात, ०.७ पटीने झाला तर सुमारे २०. कडक झालेल्या जुन्या टायरांवर हा दुसरा आकडा गाठताच येत नाही, चाके आधीच घसरू लागतात. म्हणून काम पूर्ण झाल्यावर गाडी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर नेऊन मध्यम वेगावरून क्रमाने जोर वाढवत ब्रेक मारून पाहावा, स्टिअरिंगवरचा हात सैल ठेवून ती कोणत्या बाजूला ओढते ते पाहावे आणि परत आल्यावर चारही ड्रमजवळ तळहात नेऊन उष्णता ताडावी. एखादा बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तो धरतो आहे, थंड असेल तर तो काम करत नाही. नवी लायनिंग दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर ड्रमच्या आकाराला बसते आणि फट पुन्हा वाढते, तेव्हा चाके पुन्हा उचलून आठही शू परत जुळवावे लागतात.